साथ कुणाची, सोलो कुणाचा

धून ट्रम्पेटने किंवा सॅक्सोफोनने वाजवायची, पियानोने तिला कॉर्ड्सचा आधार द्यायचा, बास आणि ड्रम्सनी लय सांभाळायची, ही जॅझच्या छोट्या वाद्यमेळातली रुळलेली वाटणी. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीतली पहिली रचना ‘सो व्हॉट’ ही वाटणी पहिल्याच मिनिटात उलटी करते. पियानो आणि बास यांची अर्ध्या मिनिटाची अनिबद्ध प्रस्तावना संपते, लय सुरू होते आणि धून हाती घेतो तो डबल बास. पॉल चेंबर्स षड्जावरून पंचमाकडे झेप घेतो, धैवत-निषादाच्या पायऱ्या चढून वरच्या षड्जाला स्पर्श करतो आणि थांबतो. पियानो दोन कॉर्ड्समध्ये त्याला उत्तर देतो. बास पुढचे वाक्य बोलतो, पुन्हा त्याच दोन कॉर्ड्स. चार-चार ठोक्यांचे आठ बार संपल्यावर ट्रम्पेट आणि दोन्ही सॅक्सोफोन येतात, पण धून तेही घेत नाहीत. पियानोची ती दोन कॉर्ड्सची जागा तेवढी ते उचलतात. शाहिराच्या मागे झीलकऱ्यांनी ‘जी जी’ म्हणावे तसे त्या काळातले तीन अव्वल फुंकवाद्यवादक एका तेवीस वर्षांच्या बासवादकाच्या मागे झील धरतात.

जॅझ समजून घ्यायचे असेल तर वाद्यांची कामे पाठ करून फारसे हाती लागत नाही, हे या एका मिनिटात कळते. ट्रम्पेट म्हणजे नायक, बास म्हणजे पाया, पियानो म्हणजे भराव, असे धडे पुस्तकात ठीक वाटतात. प्रत्यक्षात एका वाद्याचे काम शेजारचे वाद्य काय करते आहे यावरून ठरते आणि ते क्षणोक्षणी बदलते. ‘सो व्हॉट’ला मी जॅझची उत्तम शिकवणी मानतो ती यासाठी. सव्वानऊ मिनिटांच्या आसपासच्या या रचनेत प्रत्येक वाद्य कधी बोलते, कधी होकार भरते, कधी जागा मोकळी करते, आणि हे सगळे अगदी स्वच्छ ऐकू येते.

ध्वनिमुद्रण झाले २ मार्च १९५९ रोजी, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत. ही वास्तू मुळात चर्चची. उंच छतामुळे तिथे वाद्यांना नैसर्गिक घुमारा मिळे. त्या दिवशी तीन रचना झाल्या, उरलेल्या दोन २२ एप्रिलला, आणि १७ ऑगस्टला तबकडी बाजारात आली. ट्रम्पेटवर माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, ऑल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स, डबल बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब. एका रचनेपुरता पियानोवर विंटन केली बसला. बहुतेक सगळे ऐन तिशीच्या आसपासचे. माइल्स आणि कोल्ट्रेन बत्तीस वर्षांचे होते आणि मेळात तेच वयाने सर्वांत मोठे.

रचनेचा आराखडा विलक्षण साधा आहे. बत्तीस बारचे एक आवर्तन, आठ-आठ बारचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा भाग एकाच स्वरसप्तकात. तिसरा भाग तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर उचलून. हे सप्तक आपल्या फार ओळखीचे आहे. पाश्चात्त्य संगीतात त्याला डोरियन म्हणतात. गांधार आणि निषाद कोमल, बाकी सारे शुद्ध, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. घरात पेटी असेल तर पांढरी दोनचा षड्ज धरावा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरून बोटे फिरवावीत, ‘सो व्हॉट’चे सगळे स्वर हाताशी येतात. तिसऱ्या भागात षड्ज काळी दोनवर सरकतो आणि चौथ्या भागात पुन्हा पांढरी दोनवर उतरतो. यात राग नाही, रागाचे चलन नाही, वादी-संवादी नाहीत. पण एकाच षड्जावर ठाण मांडून स्वरांचा विस्तार करण्याची मुभा मात्र आहे, आणि मराठी कानाला ही रचना पहिल्या भेटीतच आपली वाटते याचे कारण बहुधा तेच असावे.

ही मुभा तेव्हाच्या जॅझला नवी होती. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्या पिढीने घडवलेल्या बीबॉपमध्ये कॉर्ड्स दर बारला, कधी बारच्या मध्यावरच बदलत. सोलो वाजवणाऱ्याला त्या बदलांमागे धावावे लागे आणि पियानो व बास यांना पुढची कॉर्ड घेऊन वेळेवर हजर राहावे लागे. माइल्सला या धावपळीतून बाहेर पडायचे होते. १९५८ च्या ‘माइलस्टोन्स’ या रचनेत त्याने तो प्रयोग करून पाहिला होता. ‘सो व्हॉट’मध्ये तो पूर्णत्वाला गेला. सलग सोळा बार एकच सप्तक. एका आवर्तनाचा चौथा भाग आणि पुढच्या आवर्तनाचे पहिले दोन भाग जोडले की हा मुक्काम चोवीस बारचा होतो. कॉर्ड्सच्या गर्दीत वाद्यांच्या भूमिका एकमेकींत मिसळून जातात. इथे गर्दी हटवल्यामुळे कोण काय करतो आहे ते दिसू लागते, आणि ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही त्याला लपायला जागा उरत नाही.

आता बासकडे. जॅझच्या न्यू ऑर्लिन्समधल्या बाल्यावस्थेत खर्जाचे काम बऱ्याच मेळांत ट्यूबा करी. मिरवणुकीत चालता चालता वाजवायला ते सोयीचे. डबल बास आला, तारा छेडून वाजवण्याची रीत रुळली, तरी त्याचे काम ठोके मोजण्यापलीकडे फारसे जात नव्हते. १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात जिमी ब्लँटन नावाचा तरुण दाखल झाला आणि त्याने बासला बोलते केले. स्वरवाक्ये, उत्तरे, सोलो, सगळे तो त्या अवाढव्य वाद्यातून काढू लागला. क्षयाने तो १९४२ मध्ये ऐन उमेदीत गेला, पण पुढचा प्रत्येक बासवादक त्याचा ऋणी आहे. चेंबर्स त्याच परंपरेतला. ‘सो व्हॉट’ची धून बासला देण्याचे धाडस माइल्सने केले, कारण १९५५ पासून हा बास तो रोज ऐकत होता.

पण चेंबर्सची खरी कसोटी धून संपल्यावर सुरू होते. सोलो चालू झाले की तो ‘वॉकिंग’ बास वाजवतो, म्हणजे दर ठोक्याला एक स्वर, बारला चार. चार सोलोंची मिळून सात आवर्तने होतात आणि एका आवर्तनात १२८ ठोके असतात; म्हणजे जवळजवळ नऊशे स्वर त्याला एकामागून एक, न अडखळता ठेवायचे आहेत. कॉर्ड्स बदलत असत्या तर पुढच्या कॉर्डकडे चालत जाणे एवढे तरी निमित्त मिळाले असते. इथे सोळा-सोळा बार जायला ठिकाणच नाही. मग चेंबर्स रस्ता स्वतः घडवतो. कधी षड्जापासून दूर जाऊन तो वरच्या सप्तकात रेंगाळतो, कधी एका उतरणीने झपकन खाली येतो, कधी एकाच स्वरावर दोन-तीन ठोके पाय रोवून उभा राहतो. तिसरा भाग जवळ आला की तो ज्या स्वरांतून काळी दोनकडे सरकतो, ते ऐकताना वरचा सोलोवादक काय वाजवतो आहे याचा क्षणभर विसर पडतो. दोनच महिन्यांनी, मे १९५९ मध्ये, हाच चेंबर्स कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये वाजवताना ऐकावा. तिथे कॉर्ड्स इतक्या वेगाने बदलतात की बासला श्वास घ्यायला उसंत नाही. दोन्ही ठिकाणी काम तेच, बारला चार स्वर, आणि तरी दोन्हींसाठी लागणारे शहाणपण पूर्ण वेगळे. त्या तबकडीतली ‘मिस्टर पी. सी.’ ही रचना कोल्ट्रेनने चेंबर्सच्या नावाने केली, हे उगाच नव्हे.

ड्रम्स हे जॅझमधले सर्वांत गैरसमजात सापडलेले वाद्य आहे. ऐकणाऱ्याला वाटते की ठेका ढोलावर असणार. तसे एके काळी होतेही. पायाने वाजवायचा मोठा ड्रम बारच्या चारही ठोक्यांना धपधपत असे. १९४० च्या सुमारास केनी क्लार्कने लय धरण्याचे काम राइड सिंबलवर नेले. मोठा ड्रम आणि स्नेअर मोकळे झाले, अधूनमधून एखादी टिप्पणी करायला. सिंबलचा आवाज तुटक नसतो. एक ठोका दुसऱ्यात झिरपतो आणि त्यातून लयीचा अखंड पडदा तयार होतो. बासचा स्वर आणि सिंबलचा ठोका नेमका एका क्षणी पडतो का, यावर जॅझच्या मेळाची प्रकृती अवलंबून असते. चेंबर्स आणि कॉब यांचा तो क्षण जुळलेला आहे. कॉबचे सिंबल बासच्या किंचितही पुढे घाई करत नाही, मागे रेंगाळत नाही.

त्याचा एक ठोका तर अजरामर झाला आहे. धून संपते, साधारण दीड मिनिटाच्या ठिकाणी माइल्सचा सोलो सुरू होतो, आणि नेमक्या त्या सांध्यावर कॉब सिंबलवर एक जोरकस आघात करतो. आघाताची गुंज कितीतरी वेळ हवेत राहते आणि त्या गुंजेखालून ट्रम्पेट बोलायला लागतो. धून आणि सोलो यांच्यामधला उंबरठा एका ठोक्याने आखला गेला. माइल्सच्या पहिल्या वाक्याचा जो रुबाब आपल्याला जाणवतो, त्यात कॉबचा वाटा मोठा आहे. तो ठोका मनातल्या मनात काढून टाकून पाहावा; तेच स्वर, पण कुणीतरी नुकतेच बोलू लागल्यासारखे वाटतील.

त्या दिवशीच्या मूळ टेपवर या रचनेच्या तयारीतले एक संभाषण जपले गेले आहे. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला बारीक तारांची पट्टी असते. शेजारी खर्जाचा स्वर घुमला की ड्रमला कुणी हात न लावताही या तारा थरथरतात. प्रस्तावना अगदी हलकी असल्यामुळे ती थरथर मायक्रोफोनमध्ये उतरू लागली आणि निर्माता आयर्विंग टाउनसेंड याने ती लक्षात आणून दिली. माइल्सचे उत्तर थोडक्यात असे, की तेही यातच धरायचे. मला या प्रसंगात माइल्सची सगळी दृष्टी दिसते. एका वाद्याचा स्वर दुसऱ्याच्या अंगात उमटणार, तो पुसून टाकायचा नाही. मेळ म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र लावणे एवढेच असते तर ती थरथर दोष ठरली असती. त्याच्या लेखी ती मेळाची खूण होती.

बिल इव्हान्सच्या त्या दोन कॉर्ड्स तर पुढे ‘सो व्हॉट कॉर्ड’ याच नावाने ओळखल्या गेल्या आणि जॅझ पियानो शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आज त्या शिकतो. त्यांची बांधणी पाहण्याजोगी आहे. षड्ज-मध्यमाच्या अंतराने एकावर एक रचलेले चार स्वर, आणि सर्वांत वर षड्ज-शुद्ध गांधाराच्या अंतराने पाचवा. नेहमीच्या कॉर्ड्स गांधाराच्या अंतरांनी रचतात. त्या वाजताक्षणी आपला भाव जाहीर करतात, हा आनंद, हे दुःख. मध्यमाच्या अंतरांनी रचलेली कॉर्ड अशी कबुली देत नाही, ती उघडी राहते. बासच्या वाक्याला इव्हान्स होकार देतो खरा, पण असा की त्या वाक्याचा अर्थ बंद होऊ नये. पुढे सोलोंमागेही त्याचे हे धोरण कायम आहे. तो कॉर्ड ठेवतो आणि हात उचलतो. सोलोवादकाने श्वास घेतला की त्या फटीत एखादा रंग सोडतो. पियानोची साथ म्हणजे रिकाम्या जागा भरणे, असे मानणाऱ्याने इथे इव्हान्सच्या रिकाम्या ठेवलेल्या जागा मोजाव्यात.

वाद्य तेच राहूनही भूमिका किती पालटते, याचा पुरावा याच तबकडीत आहे. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या दुसऱ्या रचनेत इव्हान्सच्या जागी विंटन केली आहे. इव्हान्सने मेळ १९५८ च्या शेवटी सोडला होता आणि या ध्वनिमुद्रणासाठी तो खास परतला होता. माइल्सचा तेव्हाचा नेहमीचा पियानोवादक केली. रचना बारा बारच्या ब्लूजची. केलीचा पियानो नाचरा, ठसकेबाज, बासच्या खांद्याला खांदा लावून चालणारा. तोच स्टुडिओ, तोच दिवस, तोच बास, तेच ड्रम्स. पण पियानोवर माणूस बदलला आणि सगळ्या मेळाचा तोल मातीकडे झुकला. माइल्सने केलीला ब्लूज दिला आणि इव्हान्सला मोकळे आकाश दिले. ‘भूमिका वाद्याची’ असे आपण म्हणतो तेव्हा ती वाजवणाऱ्याच्या स्वभावाचीही असते, आणि मेळाचा प्रमुख म्हणून माइल्सची थोरवी या जोखण्यात होती.

त्याचा स्वतःचा सोलो दोन आवर्तनांचा. १९२० च्या दशकात लुई आर्मस्ट्राँगने ट्रम्पेटला जॅझचा नायक केले, ते त्याच्या झळाळत्या, उंच, जिंकून घेणाऱ्या स्वराने. गिलेस्पीने त्यात वीज भरली. माइल्स ट्रम्पेटच्या मधल्या सप्तकातच राहतो. स्वर सरळ लावतो, त्याला थरथरवत नाही. छोटे वाक्य म्हणतो आणि पुढचे म्हणण्याआधी ऐकत राहतो. त्या मौनात बासची चाल आणि सिंबलचा पडदा पुढे येतात. लक्ष देऊन ऐकले की उमगते, माइल्सने त्या जागा साथीदारांसाठीच राखल्या आहेत. बासच्या स्वरांवर टेकून त्याचे वाक्य उभे राहते आणि बासलाच पुढे करून ते थांबते. चौथ्या रचनेत, ‘ऑल ब्लूज’मध्ये, तो धुनेसाठी ट्रम्पेटच्या तोंडाला धातूचा म्यूट लावतो आणि सोलोसाठी तो काढतो. एकाच वाद्याचे दोन कंठ. एक कानाशी बोलणारा, दुसरा चार पावले दुरून. धून आणि सोलो या दोन कामांतला फरक त्याने आवाजाच्या पोतानेच दाखवून दिला.

माइल्सनंतर कोल्ट्रेन येतो, त्याचीही दोन आवर्तने. आराखडा तोच, चेंबर्सची चाल तीच, कॉबचे सिंबल तेच. पण हवा बदलते. टेनर सॅक्सोफोनचा आवाज जाड, छातीतून येणारा, आणि कोल्ट्रेनच्या हातात त्याला एक तीव्र कड आहे. तो एक लहानसा आकार घेतो, तो उलटतो, वर चढवतो, पुन्हा तपासतो. माइल्सने ज्या जागा सोडल्या होत्या त्या कोल्ट्रेन भरतो, आणि तरीही ते बडबड वाटत नाही, शोध वाटतो. एकाच सप्तकात इतके काही दडले आहे, हे त्याला त्याच क्षणी सापडत असावे असा भास होतो. १९६१ मध्ये त्याने ‘इंडिया’ नावाची रचना मुद्रित केली आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव रवी शंकरांवरून रवी ठेवले. एकाच षड्जावर दीर्घकाळ राहण्याची ओढ त्याला पुढे कुठे घेऊन गेली, याची बीजे या दोन आवर्तनांत ऐकू येतात.

कॅननबॉलचा ऑल्टो टेनरपेक्षा उंच पट्टीचा आणि त्याचा स्वभाव उमदा. त्याचे स्वर गोल, भरलेले, सप्तकाबाहेरच्या स्वरांना बेधडक स्पर्श करून परत येणारे. त्याच्या वाक्यांत चर्चमधल्या गाण्याचा आणि ब्लूजचा जिव्हाळा आहे. सुरुवातीच्या जॅझमध्ये कॉर्नेट धून धरी, क्लॅरिनेट तिच्या वरून नक्षी काढी, ट्रॉम्बोन खालून सरकत येई, आणि तिघे एकाच वेळी वाजत. ‘सो व्हॉट’मध्ये तीन फुंकवाद्ये एकामागून एक येतात. पायाखालची जमीन तिघांना सारखीच मिळाल्याने तिघांची चालण्याची ढब लख्ख वेगळी ओळखू येते. मेळाने ही जमीन सहा आवर्तने हलू दिली नाही, याचे श्रेय पुन्हा बास, सिंबल आणि पियानो यांना.

आणि मग या रचनेतला माझा सर्वांत आवडता भाग. सातव्या आवर्तनात इव्हान्सचा सोलो येतो, एकाच आवर्तनाचा. तो धावत्या ताना घेत नाही. शेजारशेजारचे स्वर एकत्र दाबून दाट पुंजके ठेवतो, मध्ये थांबतो. आता त्याला साथ कोण करणार? ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. धुनेच्या वेळी बासला दिलेला तो दोन कॉर्ड्सचा होकार तिघे आता पियानोमागे पुन्हा वाजवू लागतात. इतका वेळ ज्यांच्यामागे पियानो जागा राखत होता, ते आता पियानोसाठी त्याचेच काम करतात. इथे पियानोवादक मिळालेल्या मुभेचा उपयोग मिरवण्यासाठी करत नाही. तो फुंकवाद्यांच्या उत्तरांमध्ये आपले पुंजके असे ठेवतो की सोलो कुठला आणि साथ कुठली, हे सांगता येऊ नये. जॅझमधल्या भूमिकांबद्दल जे काही सांगायचे ते या पाऊण-एक मिनिटात सांगून झाले आहे. मग बास आपली धून पुन्हा हाती घेतो आणि रचना हळूहळू विरत जाते.

हे परस्परांचे भान डोळ्यांनीही पाहता येते. २ एप्रिल १९५९ रोजी, म्हणजे दोन ध्वनिमुद्रणांच्या मध्ये, माइल्सने ‘सो व्हॉट’ अमेरिकन टेलिव्हिजनसाठी वाजवले आणि ते चित्रीकरण उपलब्ध आहे. पियानोवर केली आहे, कॅननबॉल नाही, मागे अरेंजर गिल इव्हान्सचा वाद्यवृंद. आपला सोलो संपवून माइल्स बाजूला होतो आणि कोल्ट्रेन वाजवत असताना उभा राहून ऐकतो. ज्याच्या नावावर कार्यक्रम आहे, तो चौकटीच्या कडेला. बाजूला होणे हीसुद्धा जॅझमध्ये एक भूमिका आहे आणि ती वठवायला फार मोठा वादक लागतो.

मुंबईच्या कानांना ही वाद्ये परकी नव्हती. १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजे आणि तिथल्या गोव्याच्या वादकांनी ते आपलेसे केले होते. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतला बिनीचा. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे अरेंजर चित्रपटगीतांतल्या वाद्यांची वाक्ये कागदावर लिहून काढत आणि त्या बारकाईने हिंदी-मराठी गाण्यांचे वैभव वाढले. आपण ट्रम्पेट-सॅक्सोफोन ऐकायला शिकलो ते या गाण्यांतून, आणि तिथे कुणी कुठे बोलायचे हे आधी ठरलेले असते. त्या सवयीने ‘सो व्हॉट’ ऐकले तर कान नकळत फक्त सोलोचा पाठलाग करतो. इथे आराखड्यापलीकडचे जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. कुणी केव्हा बोलायचे आणि केव्हा थांबायचे हे वाजवता वाजवता ठरते आहे, म्हणून साथीकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते.

त्यासाठी पाच वर्षांनंतरचे ‘सो व्हॉट’ शेजारी ठेवून ऐकावे. १२ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये माइल्सने ते वाजवले, ‘फोर अँड मोर’ या तबकडीची सुरुवातच त्याने होते. धून बासचीच, उत्तरही तेच दोन कॉर्ड्सचे, आवर्तन बत्तीस बारचेच. पण बासवर रॉन कार्टर, पियानोवर हर्बी हँकॉक, टेनरवर जॉर्ज कोलमन आणि ड्रम्सवर अठरा वर्षांचा टोनी विल्यम्स. लय कितीतरी वेगवान. विल्यम्सचे सिंबल लय राखत नाही, पेटवते. सोलोवादकाला तो प्रश्न विचारतो, आव्हान देतो. आणि माइल्स, १९५९ चा तो मितभाषी माइल्स, या आगीत स्वतः तुटून पडतो, उंच स्वरांवर झेपावतो. त्याचे वाद्य बदलले नव्हते, रचना बदलली नव्हती. त्याच्यामागे आता अठरा वर्षांचा मुलगा होता.

‘काइंड ऑफ ब्लू’वर जिमी कॉबचा एकही सोलो नाही. मेळातले बाकीचे पाचही जण त्याच्या आधी गेले. चेंबर्स तर १९६९ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. कॉब मे २०२० पर्यंत जगला. एकदा ही रचना केवळ त्याच्या सिंबलवर कान ठेवून ऐकावी. माइल्सचे मौन भरकटत का नाही, कोल्ट्रेनची घालमेल विस्कटत का नाही, कॅननबॉलला इतके निर्धास्त बागडता कसे येते आणि इव्हान्सला इतके कमी वाजवून भागते कसे, या चारही प्रश्नांची उत्तरे तिथे मिळतात. कॉबने त्या चौघांचे सोलो शक्य केले, म्हणून त्या चौघांच्या सोलोंत तोही कर्ता आहे, आणि त्याला तसे ऐकणे हेच या संगीताला न्याय देणे आहे.